जुळे सोलापुरातली ऊनचोरी

येडू बंडगर स्वतःची ओळख करून द्यायला उभा राहिला की ऐकणाऱ्याने बसून घ्यावं, हे नबीलालला अनुभवाने ठाऊक होतं. शिवानंद म्हमाण्यांना ते ठाऊक नव्हतं. ते स्वतःच्याच दिवाणखान्यात उभे राहिले आणि थोड्या वेळाने गुडघे चोळायला लागले.

"वाय. डी. बंडगर," येडूने सुरुवात केली. "खाजगी गुप्तहेर. माळशिरसपास्नं अक्कलकोटपातुर माजं नाव ऐकून चोर गाव बदलत्यात. पोलिसांना जे दिसत न्हाय ते मला दिसतं, आन् पोलिसांना जे दिसतं ते बघायची मला गरजच पडत न्हाय. माणसाच्या नुसत्या चपला बघून मी त्याचा धंदा सांगतो."

मग दाराशी काढलेल्या चपलांकडे एक खोल नजर टाकून त्याने सांगितलं, की या घरात मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलणारा एक आडदांड इसम राहतो. त्या चपला नबीलालच्या होत्या. नबीलाल किडकिडीत होता आणि रिक्षा चालवायचा.

येडू हे त्याचं नाव येडाई देवीच्या नवसाचं. माळशिरसकडच्या त्याच्या गावी, मेंढरांच्या वाड्यावर, त्या नावाला कुणी हसत नव्हतं. सोलापुरात मात्र 'येडू आला' म्हटलं की लोक माणूस दिसायच्या आधीच मत बनवायचे, म्हणून त्याने नावाचे इंग्रजी तुकडे करून वाय. डी. केलं. पुढे माणूस बघूनही लोकांचं मत तेच राहिलं, त्याला इंग्रजीत काही इलाज नव्हता. उमेदीची वर्षं त्याने एका सूतगिरणीच्या फाटकावर रखवालदारी केली. गिरणी बंद पडली, आणि मोबाईलवर गुप्तहेरीचा कोर्स करून हा गृहस्थ शहराच्या सेवेत दाखल झाला.

नबीलाल त्याच्या नादी लागला तो स्वतःच्या रिक्षापायी. एकदा त्याची रिक्षा जागेवरून गायब झाली. येडूने यामागे कर्नाटकातली टोळी असल्याचं जाहीर करून विजापूरच्या दिशेने तपास सुरू केला. तोवर नबीलालची बायको झीनत वाहतूक पोलिसांच्या आवारात जाऊन, नवऱ्याने दवाखान्याच्या फाटकात उभी केलेली रिक्षा सोडवून घेऊन आली. ही येडूची पहिली यशस्वी केस. रिक्षा परत आली का नाही, असं तो विचारायचा, आणि यावर काही बोलता यायचं नाही. तेव्हापासून नबीलाल त्याला शहरभर फिरवायचा. चारचौघांत 'साहेब' म्हणायचं आणि एकटे असताना काय वाटेल ते म्हणायचं, असं दोघांत ठरलं होतं. झीनतने कारण विचारलं की तो सांगायचा, जाता-येता भाडी मिळतात. खरी गोष्ट अशी होती, की घरच्या टीव्हीपेक्षा येडू जास्त करमणूक करायचा आणि त्याला रिचार्ज लागत नव्हता.

म्हमाणे अण्णांची तक्रार मात्र करमणुकीची नव्हती. त्यांच्या गच्चीवरचं ऊन चोरीला जात होतं.

झालं होतं ते असं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीत महेश्वरीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. अख्ख्या कॉलनीने मिळून एकदम सोलर पॅनेल घेतले तर कंपनी भावही कमी करेल आणि पुढची देखभालही करेल, हे त्यांनी शोधून काढलं. ज्या कॉलनीत पाण्याची मोटर कधी लावायची यावर आजवर एकमत झालं नव्हतं, तिथे या बाई हिवाळाभर घरोघरी फिरल्या. कुणी म्हणालं पॅनेलवर वीज पडते, कुणी म्हणालं गच्ची तापून खाली बाळंतिणीला त्रास होतो. बाईंनी सगळ्यांना शाळेतल्या पोरांसारखं समजावलं. पहिल्या तुकडीच्या घरांवर पॅनेल बसले. दुसऱ्या तुकडीचं नक्की व्हायचं होतं, आणि कंपनीची अट अशी, की तुकडी पूर्ण भरली तरच तो भाव, नाहीतर ज्याने त्याने आपापलं बघावं.

दुसऱ्या तुकडीत नबीलालचं नाव होतं. कॉलनीच्या मागच्या गल्लीत त्याचं बसकं घर. झीनत घरी मोटरच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची, आणि उन्हाळ्यात विजेचं बिल आलं की घरात कुणीतरी वारल्यासारखी शांतता पसरायची. एकट्याने पॅनेल घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे या केसचं काय होतं, याची त्याला येडूपेक्षा जास्त काळजी होती.

पॅनेल बसलेल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. पूर्वी जे लोक एकमेकांना फुलं आणि सुविचार पाठवायचे, ते आता आपल्या छताने आज किती वीज पिकवली त्याचे आकडे पाठवायचे. ज्यांची मुलं पुण्यात नोकरीला लागली नव्हती, त्यांना पहिल्यांदाच मिरवायला काहीतरी मिळालं होतं. त्यात म्हमाणे अण्णांची पंचाईत झाली. सकाळी त्यांचं छत इतरांच्या बरोबरीने चालायचं, पण दुपारचं जेवण झालं की मोबाईलमधली वीज दाखवणारी रेघ आडवी पडायची. शेजारच्या उमर टेम्पोवाल्याच्या छतावर तेच पॅनेल, तेच ऊन, आणि त्याची रेघ संध्याकाळपर्यंत ताठ.

अण्णा सहकारी बँकेतून निवृत्त झाले होते. बँक त्यांच्या आधीच निवृत्त झाली होती. या योजनेचं प्रमुखपद आपल्याला मिळावं असं त्यांना फार वाटत होतं. ते बाईंना मिळालं, म्हणून बाईंनी मुद्दाम आपल्याला सडके पॅनेल लावले, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री ते सकाळी फिरायला गेल्यावर कट्ट्याकट्ट्यावर वाटत सुटले. दुसऱ्या तुकडीतली माणसं एकेक करून बाईंना सांगायला लागली, की आम्ही जरा थांबून बघतो. कंपनीने बाईंना रविवारपर्यंतची मुदत दिली होती.

येडूने सगळं ऐकून घेतलं आणि घटनास्थळ बघायचं म्हणाला.

सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर जायला एक तर गुप्तहेर असावं लागतं, नाहीतर पापड. त्या भट्टीत सावलीची एकच जागा होती. पॅनेल बसले त्याच आठवड्यात अण्णांच्या पुतण्याने पश्चिमेच्या कठड्यावर लोखंडी पाइप उभे करून, रस्त्यावरून दिसेल असा एक भलामोठा फ्लेक्स बांधला होता. 'सौरक्रांतीचे प्रणेते मा. शिवानंदअण्णा म्हमाणे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार.' फोटोतले अण्णा मोबाईल कानाला लावून क्रांतीकडे बघत होते. दोघे त्या फ्लेक्सच्या सावलीत टेकले आणि तपास सुरू झाला.

येडूने भिंग काढलं आणि पॅनेलवर बोटांचे ठसे शोधले. ठसे भरपूर सापडले, सगळे त्याचेच. घाम पुसायला त्याने टोपी काढून उन्हात ठेवली आणि तिच्या काठावर भिंग टेकवलं. थोड्या वेळात टोपीतून धूर निघाला. मधोमध छान गोल भोक पडलं होतं. येडूने त्या भोकात बोट घालून बघितलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की आपण बरोबर मार्गावर आहोत, शत्रूने हल्ला केला.

पहिला संशय उमरवर गेला. उमरने त्याच महिन्यात एसी आणला होता. येडूचा सिद्धांत असा, की उमरने भिंतीतून चोरवायर टाकून अण्णांची दुपार आपल्या एसीत भरली. उमरच्या दारात उभं राहून, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात त्याने हे सांगितलं. उमर मोठा शांत माणूस. तो दोघांना आत घेऊन गेला. एसी खोक्यातच होता. बसवणारा माणूस लग्नसराईत गावी गेला होता, आणि त्या खोक्यावर उमरची आई सरदारबी बसून लसूण सोलत होती. तिने येडूकडे एकदा बघितलं आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. नबीलाल उंबऱ्याकडे सरकला. उमरचे आणि त्याचे वडील एका दर्ग्याच्या उरुसाला बरोबर जायचे. आज तो त्याच घरात चोर शोधायला आलेल्या माणसाच्या मागे उभा होता.

दुसरा सिद्धांत पॅनेलच्या प्रकृतीबद्दल होता. येडूच्या म्हणण्याप्रमाणे हे पॅनेल थंड मुलखातलं होतं. सोलापूरचं ऊन त्याला सोसत नव्हतं आणि जेवणानंतर ते झोपत होतं. इलाज म्हणून त्याने अण्णांच्या घरातल्या दोन चादरी बादलीत भिजवल्या आणि सगळ्या पॅनेलवर पसरल्या. मोबाईलमधली रेघ, जी आडवी होती, ती नाहीशीच झाली. म्हमाणे अण्णा भयंकर प्रभावित झाले. येडूने डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणाला, "आपल्याला येयाला उशीर झाला."

मग ज्याची नबीलालला धास्ती होती तेच झालं. अण्णांनी चहा पाजत पाजत महेश्वरीबाईंचं नाव काढलं, आणि येडूला ते आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पुरावा तयार होता. बाई उन्हात काळा चष्मा लावतात. उन्हाशी ज्याचं काही देणंघेणं नाही त्याला चष्मा कशाला लागेल? बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हे नबीलालने सांगून बघितलं. येडू म्हणाला, सराईत माणसं अशीच तयारी करतात. रविवारी दुपारी, सगळ्या कॉलनीला अण्णांच्या गच्चीवर बोलावून, तो गुन्हेगाराचा बुरखा फाडणार होता.

शनिवारी दुपार कलल्यावर नबीलाल एकटाच उमरच्या घरी गेला. माफी मागायची एवढंच डोक्यात होतं, पण कशी सुरुवात करावी कळेना. उमर टेम्पो घेऊन बाहेर गेला होता. सरदारबी आपल्या गच्चीच्या जिन्यात वाऱ्याला बसली होती. नबीलाल तिच्या पायाशी पायरीवर बसला आणि म्हणाला, की खाला, त्या दिवशी फार वाईट झालं. ती हूं म्हणाली. मग त्याने उद्याची गोष्ट सांगितली, बाईंवर आळ येणार आहे, आणि माणसं पांगली की दुसरी तुकडी गेली.

महेश्वरीबाईंचं नाव ऐकून म्हातारी सावरून बसली. बाईंनी तिच्या नातीला शाळा सोडू दिली नव्हती, हे तिने त्याला सांगितलं. मग समोरच्या गच्चीकडे हनुवटीने खूण केली.

"त्या फोटूची सावली बघ की," ती म्हणाली. "सूर्य कलला की सरळ काचांवर पडती. मी तर पहिल्या दिवसापासनं बघतेय."

नबीलालने बघितलं. म्हमाणे अण्णांच्या चेहऱ्याची सावली पॅनेलवर आरामात पसरली होती. मोबाईल धरलेल्या हाताचीसुद्धा. त्याच सावलीत तो स्वतः येडूबरोबर टेकून बसला होता, हे आठवून त्याला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"मग खाला, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तुमी आमालाच चोर म्हणत दारात आले. मग म्हटलं, बघत बसू. आमच्याकडं टीव्ही बिघडलाय."

नबीलाल तडक येडूकडे गेला. खरं तर मोठ्या मनाने गेला. उद्या हे तूच सांग आणि शाबासकी घे, असं त्याने येडूला सांगितलं. येडूने सगळं ऐकून घेतलं, भोकाची टोपी डोक्यावरून काढली, परत घातली.

"सावली?" तो म्हणाला. "नबीलाल, मी वाय. डी. बंडगर. लोकं जमवायची, उनात उभी करायची, आन् सांगायचं सावली? ह्यात कट कुटं हाय? गुन्हेगार कुटं हाय? ही केस न्हाय, ही हवा-पाण्याची बातमी हाय."

नबीलालने त्याला पुष्कळ समजावलं. शेवटी बाईंचं वय सांगितलं, त्यांनी कॉलनीसाठी काय काय केलं तेही सांगितलं. येडू म्हणाला, निकाल ठरलेला आहे, आता पुरावा बदलता येणार नाही. नबीलाल मग अण्णांकडे गेला. अण्णांनी त्याला आत घेतलंच नाही. दारातूनच विचारलं, की माझा फोटो तुझ्या डोळ्यात का सलतोय, आणि दार लावून घेतलं. घरी आल्यावर त्याने झीनतला सांगितलं. तिने मशीन थांबवून विचारलं, की मग आता तू काय करणार. आजवर येडूच्या मागे उभं राहून हसणं एवढंच त्याचं काम होतं, आणि त्यासाठी कधी काही ठरवावं लागलं नव्हतं.

रविवारी जेवणं उरकून कॉलनी गच्चीवर जमली. फरशी अशी तापली होती की माणसं एका जागी उभी न राहता नाचल्यासारखी करत होती. बघता बघता सगळे सरकत सरकत फ्लेक्सच्या सावलीत आले आणि पॅनेलच्या कडेकडेने दाटीवाटीने उभे राहिले. सावलीत कोण आधी आलं यावरून दोघांत वादही झाला. सावली कशाची, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही. महेश्वरीबाई मात्र उन्हातच उभ्या राहिल्या, काळा चष्मा लावून, छत्री न घेता.

येडूने चपलांपासून सुरुवात केली आणि थंड मुलखावरून, चोरवायरीवरून, टोपीवरच्या हल्ल्यावरून फिरत फिरत बाईंपर्यंत आला. यांनी कंपनीशी संगनमत करून अण्णांना आतून पोकळ पॅनेल दिले, असं त्याने सांगितलं आणि चष्म्याकडे बोट केलं. कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी तर मान डोलावली. त्यात हिवाळ्यात बाईंच्या घरी बसून, भाव आणखी कमी करून घ्या म्हणून, पुन्हा पुन्हा चहा प्यायलेली माणसं होती.

बाई एवढंच म्हणाल्या, "कंपनीला मी नाही म्हणून कळवते." चष्मा काढून त्या पदराने पुसायला लागल्या आणि पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

ते नबीलालला बघवलं नाही. तो गर्दीतून वाट काढत कठड्याशी गेला. पुतण्याने सुतळीच्या गाठी पक्क्या मारल्या होत्या. पहिली सुटेना, म्हणून त्याने ती दाताने सोडली. पाठीमागून अण्णा काहीतरी ओरडले. दुसरी गाठ सुटली आणि क्रांतीचे प्रणेते कमरेतून वाकले, मग तोंडावर खाली आले.

ऊन एकदम सगळ्यांच्या डोक्यावर पडलं. माणसं डोळ्यांवर हात धरून जिन्याकडे पळाली.

"पळू नका," नबीलाल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "अण्णा, मोबाईल बघा."

अण्णांनी बघितला नाही. उमरने त्यांच्या हातातून तो घेतला, थोडा वेळ थांबला, आणि जमलेल्या मंडळींकडे वळवला. आडवी रेघ उठून उभी राहिली होती. पलीकडच्या गच्चीवरून सरदारबीने विचारलं, की पडला का एकदाचा प्रकाश. तेव्हा कुठे लोक हसायला लागले, आणि हसता हसता हळूच बाईंच्या बाजूला जाऊन उभे राहिले. जणू पहिल्यापासून तिथेच होते.

येडू गप्प राहील असं कुणाला वाटलं असेल तर ते येडूला ओळखत नव्हते. म्हमाणे अण्णांचा चेहरा हाच गुन्हेगार आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे, आणि बाईंवरचा आरोप हा खऱ्या आरोपीला गाफील ठेवायचा डाव होता. अण्णांनी ग्रुपवर लिहिलं, की किरकोळ तांत्रिक दोष त्यांनी स्वतः लक्ष घालून दूर केला आहे. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे टाकले. बाईंची माफी कुणी मागितली नाही. त्यांनीही वाट बघितली नाही. त्याच संध्याकाळी त्या पुन्हा घरोघरी गेल्या. आता सगळ्यांना घाई झाली होती, आणि दुसरी तुकडी भरली. नबीलालच्या घरी त्यांनी झीनतला मशीन कुठल्या भिंतीला आहे तेवढं विचारलं आणि चहा न घेता निघाल्या. दारात मात्र थांबून नबीलालला म्हणाल्या, की गाठ दाताने सोडू नये, दात पुन्हा येत नाहीत.

पॅनेल बसून झाल्यावर एका सकाळी नबीलालने येडूला रिक्षात घातलं आणि कुठे जायचं ते न सांगता उमरच्या दारात उतरवलं. सरदारबी बाजेवर बसली होती. येडूने टोपी काढली. बराच वेळ खाकरून त्याने सांगितलं, की जे झालं त्याबद्दल मनात राग धरू नका, संशय घेणं हा आमचा धंदाच आहे.

सरदारबीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"धंदा म्हटल्यावर बाबा, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं," ती म्हणाली. "तुज्याकडं कुणी आलंय का दुसऱ्यांदा?"

येडू टोपी न घालताच रिक्षाकडे वळला. परत जाताना तो मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसला. विजापूर रोडला सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाच्या चपला दिसत होत्या, पण त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. नबीलालला आरशात ते दिसलं. खूश व्हायला हवं होतं. उलट त्याला हिशोबात काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, आणि मग लक्षात आलं, की या माणसाकडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि त्यानंतर रोज येणारा एक जण आहे, आणि तो या वेळी रिक्षा चालवतोय.

येडूच्या खोलीपाशी त्याने रिक्षा थांबवली. येडू उतरला आणि चालायला लागला.

"साहेब," नबीलालने हाक मारली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मारली. "उद्या किती वाजता येऊ?"

विचारलं आणि त्याला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. येडू वळला, ताठ झाला, आणि रिक्षाच्या चाकांना लागलेल्या चिखलावरून नबीलाल आज कुठे कुठे जाऊन आला ते सांगायला लागला. सगळंच्या सगळं चूक होतं. नबीलाल ते शेवटपर्यंत ऐकत थांबला.